पास झालां, पण पात्र झालां काय ?

बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून पेढे वांटले जातात. ज्या घरांत बापानें चौथींत पाटी ठेवली आणि आईनें शाळेचें दार बाहेरूनच पाहिलें, त्या घरांतील मूल बारावी पास व्हावें, हा आनंद लहान नाहीं. तो आम्ही कोणाचा हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. परंतु पेढ्याची गोडी तोंडांत असतांनाच एक कडू गोष्ट आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या कानीं घालणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ती गोष्ट ही कीं, पास होणें निराळें आणि पात्र होणें निराळें. पास झाल्याचा कागद बोर्ड देतें. पात्र असल्याचे कागद दहा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून ज्याचे त्यानें गोळा करावे लागतात. पहिल्यासाठीं मुलानें अभ्यास केला पाहिजे. दुसऱ्यासाठीं घरानें डोळे उघडे ठेवले पाहिजेत. पहिलें आमच्या घरांतून होऊं लागलें आहे. दुसरें अजून होत नाहीं, आणि म्हणून पहिल्याचें फळ हातचें जातें.

गेल्या हंगामांतली गोष्ट. एक कुंभार गृहस्थ आमच्याकडे आले. हातांत प्लास्टिकची पिशवी, पिशवींत कागद, आणि डोळ्यांत पाणी. मुलगी बारावी विज्ञान शाखेंत चांगल्या गुणांनीं पास झालेली. प्रवेश परीक्षाही तिनें दिलेली. इतर मागासवर्गाच्या राखीव जागेवर तिला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांत जागा लागत होती. जातीचा दाखला होता, तोही प्रांतसाहेबांच्या सहीशिक्क्याचा. पण कॉलेजांत गेल्यावर प्रश्न आला, "वैधता कोठें आहे ?" हे गृहस्थ म्हणाले, "दाखला सरकारचाच आहे कीं." उत्तर मिळालें, "दाखला सरकारचा खरा. पण तो खरा आहे असें सांगणारा दुसरा दाखला पाहिजे." तो दुसरा दाखला देणारी समिती जिल्ह्याच्या गांवीं. समितीनें १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा, जातीची नोंद असलेला, वाडवडिलांचा पुरावा मागितला. शक्यतों शाळेचा.

त्यावर हे गृहस्थ आम्हांस जें म्हणाले, तें आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. ते म्हणाले, "माझा बाप शाळेंत गेला नाहीं, तो चाकावर बसला, म्हणून तर आम्ही मागासलेले. आणि हे म्हणतात, तो शाळेंत गेल्याचा कागद आणा, मग तुम्ही मागासलेले. साहेब, हा न्याय कोणता ?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आज हा लेख लिहिण्याचें कारण तोच प्रश्न आहे.

पुढें काय झालें तेंही सांगून टाकतों. मुलीच्या आज्याचा थोरला भाऊ लहानपणीं कांहीं महिने गांवच्या शाळेंत बसला होता, असें घरांतील एका म्हातारीस आठवलें. शाळेच्या जुन्या ट्रंकेंत वाळवी लागलेलें रजिस्टर निघालें. त्यांत तें नांव आणि नांवापुढें जात, दोन्ही शाबूत होतीं. प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. परंतु ही सारी शोधाशोध होईतों भाद्रपद उजाडला होता आणि प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. ती मुलगी आज तालुक्याच्या कॉलेजांत बी. एस्सी. च्या वर्गांत बसते. मुलगी हुषार आहे. ती तेथेंही नांव काढील. परंतु जी जागा तिनें गुणांनीं मिळविली होती, ती एका वाळवी लागलेल्या पानासाठीं गेली, हें सत्य कांहीं बदलत नाहीं.

कॉलेजच्या दारावर पहारा असणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि दोन वर्षांनीं, १८५९ सालीं, त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तिलाच पुढें लोक मॅट्रिक म्हणूं लागले. ती परीक्षा शाळेची नव्हे, विद्यापीठाची होती. शाळा संपली याचा अर्थ कॉलेज उघडलें असा त्या दिवसापासूनच नव्हता. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें, त्यांत त्यांनीं रोकडा हिशेब मांडला : सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि त्या पैशाचें शिक्षण वरच्या वर्गांच्या पदरीं पडतें. खेड्यांतील प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांची मागणी होती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून वसतिगृहें उघडलीं, १९०२ सालीं नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांस राखून ठेवल्या आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. डॉ. आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले, १९१२ सालीं बी. ए. झाले, आणि १९४६ सालीं त्यांनीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू केलें, तें आपल्यासारख्या इतरांच्या वाटेंतले कांटे काढण्यासाठीं.

ह्या थोरांनीं एक गोष्ट ओळखली होती. परीक्षा ही दाराची एक फळी आहे. दुसरी फळी म्हणजे राहावयास जागा, पोटास भाकरी आणि "तूं कोण, कोठला" ह्या प्रश्नाचें उत्तर. पहिली फळी मुलगा स्वतः ढकलूं शकतो. दुसरी ढकलण्यास समाजाचे हात लागतात. आज मॅट्रिक राहिली नाहीं. १९७५ च्या सुमारास दहावी, मग दोन वर्षें, मग पदवीचीं तीन वर्षें अशी पद्धत आली, आणि अकरावी-बारावी हा एक नवा उंबरठा मध्यें बसला. नांवें बदललीं, दाराच्या फळ्या दोनच राहिल्या. फरक एवढाच कीं, दुसऱ्या फळीला आतां कागदाचें कुलूप आहे.

तें दार आज कसें उघडतें, हें साध्या भाषेंत सांगतों. त्याला चार कड्या आहेत : विषय, टक्के, प्रवेश परीक्षा आणि कागद.

पहिली कडी विषयांची. ही दहावीच्या निकालानंतर आठ-पंधरा दिवसांत, बहुधा शेजाऱ्याच्या सल्ल्यानें लागते, आणि जन्मभर उघडत नाहीं. अकरावीस कला शाखा घेतली, तर इंजिनिअरिंग, डॉक्टरी, औषधनिर्माण आणि शेतकी या चारही वाटा त्याच दिवशीं बंद होतात. विज्ञान घेतलें पण गणित सोडलें, तर इंजिनिअरिंग गेलें. जीवशास्त्र सोडलें, तर डॉक्टरीची सरळ वाट गेली. शेतकीची गोष्ट तर हंसावें कीं रडावें अशी आहे. राहुरीस १९६८ सालीं निघालेल्या कृषि विद्यापीठास महात्मा फुल्यांचें नांव आहे. परंतु जो पोर पहाटे उठून मोटर चालूं करतो, पिकावरची कीड पानावरून ओळखतो, बैलाच्या चालीवरून त्याचें दुखणें सांगतो, त्यानें अकरावीला कला शाखा घेतली असेल, तर शेतकीच्या पदवीचें दार त्याला बंद आहे. बारावी विज्ञानाची पाहिजे. आमच्या गांवांतील कनिष्ठ महाविद्यालयांत पुष्कळदां कला शाखा तेवढी असते. मग शेतकऱ्याच्या पोरानें विज्ञान घ्यावें तरी कोठें ? तीस मैलांवर खोली घेऊन ? जेथें विज्ञान आहे तेथें गणिताचा मास्तर नाहीं. जेथें मास्तर आहे तेथें प्रयोगशाळेस कुलूप. मुलानें वाट निवडली असें म्हणतात. खरें म्हणजे गांवानें त्याच्यासाठीं ती आधींच निवडलेली असते.

दुसरी कडी टक्क्यांची. बोर्डाच्या परीक्षेंत दर विषयांत शंभरांत पस्तीस पडले कीं मूल पास. आमच्या घरांतून हा पस्तीसचा आंकडा देवाच्या आंकड्यासारखा धरून बसतात. परंतु इंजिनिअरिंगला भौतिक, गणित आणि तिसरा एक शास्त्राचा विषय मिळून शेंकडा पंचेचाळीस लागतात. महाराष्ट्रांतील मागासवर्गीयांस चाळीस. डॉक्टरीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून पन्नास; मागासवर्गीयांस चाळीस. बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणास शाखा कोणतीही चालते, पण पंचेचाळीस टक्के पाहिजेत. इतर मागासवर्गास बेचाळीस, अनुसूचित जाती-जमातींस चाळीस. म्हणजे पस्तीस आणि पंचेचाळीस यांच्यामध्यें एक खड्डा आहे. त्या खड्ड्यांत दरसाल कित्येक मुलें पास होऊन पडतात, आणि पडल्यावर विचारतात, "आम्ही तर पास झालों होतों ना ?"

तिसरी कडी प्रवेश परीक्षेची. बारावीचे टक्के दारापर्यंत नेतात. आंत कोण जाणार तें प्रवेश परीक्षा ठरविते. डॉक्टरीला सबंध देशाची एक नीट परीक्षा. ती मराठींतूनही देतां येते, हें पुष्कळांस माहीत नसतें. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण व शेतकी यांस राज्याची सीईटी. हिच्या प्रश्नांत सुमारें वीस टक्के भाग अकरावीच्या अभ्यासाचा असतो. आणि आमच्याकडे अकरावी म्हणजे काय ? विश्रांतीचें वर्ष ! दहावीचा शीण घालविण्याचें, शेतांतलीं राहिलेलीं कामें उरकण्याचें, बहिणीच्या लग्नांत मांडव घालण्याचें वर्ष. शहरांतील मूल त्या वर्षीं शिकवणीच्या वर्गांत बसून वीस टक्के पदरांत पाडून घेतें. आमचें मूल ते गमावून बारावींत येतें. शिवाय सीईटींत भौतिक-रसायनाचे प्रश्न मराठींत मिळतात, परंतु गणिताचे इंग्रजींतच. दहावीपर्यंत मराठींतून गणित केलेल्या पोरास गणित येत असूनही प्रश्न कळत नाहीं. त्यांत बुद्धीचा दोष नाहीं, तयारीचा आहे. आणि तयारी करून देणें हें शाळेचें काम आहे.

चौथी कडी कागदांची. हिच्याबद्दल थोडें विस्तारानें लिहितों, कारण पहिल्या तीन कड्या मुलाच्या हातांत कांहीं अंशीं तरी असतात. ही मुळींच नसते.

राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जावयाचें तर जातीचा दाखला लागतो, जात वैधता लागते, आणि इतर मागास, भटके-विमुक्त वगैरेंस नॉन-क्रिमीलेअर लागतें. फी-सवलतीस उत्पन्नाचा दाखला लागतो. राज्याचा रहिवासी म्हणून डोमिसाईल लागतें. मध्यें एखादें वर्ष गेलें असेल तर त्याचें प्रतिज्ञापत्र लागतें. वैधतेसाठीं जुन्या नोंदीची तारीख वर्गवार ठरलेली आहे : अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांस १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वींचा कागद आपल्या घराण्याचा पाहिजे. आतां वाचकांनींच मनाशीं विचारावें कीं, १९६१ पूर्वीं पालें घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या माणसाचें नांव कोणत्या शाळेच्या रजिस्टरांत असणार ? ज्यांनीं शाळेचा कागद सांभाळला ते त्यांतल्या त्यांत पुढें गेलेले. ज्यांचा कागदच नाहीं ते सर्वांत मागें राहिलेले. आणि चाळणी अशी कीं तींतून मागचाच खालीं पडावा !

यावर कोणी म्हणतील कीं, खोटे दाखले काढणारे पुष्कळ निघाले म्हणून ही तपासणी आली. हें खरें आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. खोट्या दाखल्यावर जागा लाटणारा हा आमच्याच पोरांच्या ताटांतला घास काढणारा आहे. महाराष्ट्रांतल्याच एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं दाखले तपासण्याची पद्धत घालून दिली आणि २००१ सालीं राज्यानें त्याचा कायदा केला. तपासणीस आमचा विरोध नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. चोर पकडण्यासाठीं जाळें टाकलें, तर त्यांत चोर सांपडला पाहिजे. खोटेपणा करणारा मनुष्य कागद तयार ठेवूनच येतो. कागदाविना अडकतो तो साधा, अडाणी, खरा मनुष्य. चोरानें सुटावें आणि धन्यानें अडकावें, असें जाळें काय कामाचें ?

आणि हे कागद आहेत कोणाजवळ ? गांव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, आणि कोतवाल बुक, हीं तहसील कचेरीच्या अभिलेख खोलींत. शाळांचीं रजिस्टरें शाळांत. जमिनीचे जुने कागद भूमि अभिलेख कचेरींत. म्हणजे सारे पुरावे सरकारच्या कपाटांत, कपाटाची किल्ली सरकारच्या कारकुनाजवळ, आणि शोधून आणावयाचे कोणीं ? तर ज्याला तें वाचतां येत नाहीं त्यानें ! यांतल्या पुष्कळ नोंदी मोडींत आहेत. मोडी वाचणारीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं राहिलीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा प्रश्न निघाला, तेव्हां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिती नेमून सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांतलीं जुनीं दप्तरें काढलीं, मोडी जाणणारीं माणसें लावलीं आणि लाखों नोंदी हुडकल्या. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आम्हांस त्यांतून एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, सरकारनें मनांत आणलें तर सरकारला आपलीं कपाटें उघडतां येतात. एका प्रश्नासाठीं जें करतां आलें, तें कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, धनगर, वडार, कैकाडी, महार, मांग, चांभार, भिल्ल या सर्वांच्या लेंकरांसाठीं कां करूं नये ?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली : वैधतेचें काम बारावीच्या वर्षावर ढकलूं नये. मूल आठवींत आलें कीं शाळेनेंच त्याचे कागद गोळा करण्यास आरंभ करावा, आणि दहावीच्या निकालाबरोबर वैधता हातीं द्यावी. दुसरी : गांवोगांवच्या जुन्या नोंदी सरकारनें स्वतः शोधून, बाळबोधींत उतरवून, ग्रामपंचायतींत यादी लावावी. तिसरी : ज्यानें मुदतींत अर्ज केला त्याचा निकाल समितीनें मुदतींत दिला नाहीं, तर त्या दिरंगाईचा दंड मुलावर पडूं नये, त्याची जागा धरून ठेवावी. कचेरीचा आळस हा मुलाचा अपराध होऊं शकत नाहीं. चौथी : प्रत्येक मोठ्या गांवाच्या आंवाक्यांत गणित-विज्ञान शिकविणारें एक तरी कनिष्ठ महाविद्यालय, पुऱ्या मास्तरांसह, असावें. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन झाले. यंत्र बसविलें, उत्तम झालें. परंतु यंत्रावर दहा कॉलेजांचीं नांवें भरण्याची सोय केली, आणि मुलाच्या गांवाजवळ धड एकही नाहीं, तर त्या दहा रकान्यांत त्यानें काय भरावें ?

सरकारास सांगावयाचें तें सांगितलें. आतां आपल्या घरांकडे वळूं. कारण दुसऱ्यास दोष देऊन जो स्वतः झोंपतो, त्याचें भलें कोणीही करूं शकत नाहीं.

आमच्या घरांत लग्नाच्या बस्त्याला पेटी असते, कागदांना नसते. कागद फळीवर, पत्र्याखालीं, उंदराच्या तोंडीं. प्रत्येक घरानें आजच एक पत्र्याची पेटी कागदांसाठीं करावी. आज्याचा, बापाचा, चुलत्याचा, आत्याचा, जो कोणता जुना कागद सांपडेल तो त्यांत ठेवावा. बापाच्या रक्ताच्या नात्यांत एखाद्यास वैधता मिळालेली असली, तर तो फार मोठा पुरावा आहे. पण आमच्यांत भावाभावांचें बांधावरून भांडण, म्हणून चुलता पुतण्याला कागद दाखवीत नाहीं! बांध इकडचा तिकडे झाला तर हातभर जमीन जाईल. कागद दडविला तर पोराचा जन्म जाईल. भांडा खुशाल, पण कागदावर भांडूं नका.

मुलाचें नांव घालतांना शाळेंत नांव, जात, जन्मतारीख स्वतः उभें राहून लिहवून घ्या. कोणी नुसतें "हिंदु" लिहितो, कोणी धंद्याचें नांव लिहितो, कोणी आडनांवाचें एक अक्षर फिरवितो. मूल शाळेंत असेपर्यंत ही चूक दुरुस्त होणें सोपें. शाळा सोडल्यावर तीच चूक डोंगराएवढी होते. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मुदतीचा असतो. प्रवेशाच्या वर्षीं मुदत चालू आहे कीं नाहीं तें निकालाआधीं पाहा. हीं कामें सेतु केंद्रांत होतात, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें दाखल्यांस दिवसांची मुदत घालून दिली आहे. अर्जाची पावती मागून घ्या. पावती नसेल तर तुमचा अर्ज केलाच नाहीं असें समजा.

एजंटापासून सांभाळा. आमच्या वाडवडिलांनीं देवाच्या आणि माणसाच्या मध्यें दलाल नको म्हणून झगडा केला. आतां माणसाच्या आणि कचेरीच्या मध्यें नवा दलाल बसला आहे. तो दोन हजार घेऊन फॉर्म भरतो, पांच हजार घेऊन "साहेबांशीं बोलतो", आणि काम फसलें म्हणजे फोन उचलीत नाहीं. गांवांत चार शिकलेलीं पोरें आहेत. त्यांनीं निकालाच्या दिवसांत पंधरा दिवस शाळेच्या ओट्यावर बसून गांवच्या मुलांचे फॉर्म भरून द्यावे. दिवाळींत किल्ला करण्याइतकेंच हें काम सोपें आहे, आणि शिवाजी महाराजांस तें अधिक आवडलें असतें.

आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. बारावी विज्ञान साधलें नाहीं म्हणजे सारें संपलें, असें नाहीं. कारागिराच्या घराला तर दुसरी वाट अधिक जवळची आहे. दहावी पास झालेलें मूल पस्तीस टक्क्यांवरही पॉलिटेक्निकच्या पदविकेस पात्र असतें. आणि ती पदविका चांगल्या गुणांनीं पुरी केली कीं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षास जातां येतें. दहावीनंतर दोन वर्षें आय. टी. आय. केलेल्या मुलास पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचें दार आहे. म्हणजे लोहाराचा, सुताराचा मुलगा आय. टी. आय., मग पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंग असा जिन्यानें चढूं शकतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या हातांत पोटापुरती विद्या असते. आय. टी. आय. ला हलकें समजणें सोडा. ज्या हातांनीं नांगराचा फाळ घडविला त्यांना यंत्राची लाज कसली ? ज्यांची शाळाच मध्यें सुटली, त्यांनीं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी द्यावी. नापास झालेल्यांस पुरवणी परीक्षा आहे. एक विषय राहिला म्हणून पोराला ऊस तोडायला आणि पोरीला बोहल्यावर धाडूं नका.

पोरींचा विषय निघाला म्हणून सांगतों. २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणांत आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची शिक्षण-फी सरकार भरतें. "पोरीच्या शिक्षणाला पैसा कोठून आणूं ?" ही सबब आतां अर्धी गळून पडली. वसतिगृहाच्या खर्चासाठीं अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाची निर्वाह भत्ता योजना आहे. उरला प्रश्न पोरीला परगांवीं पाठविण्याचा. तो पैशाचा नसून मनाचा आहे. तो आमच्या घरांनींच सोडवावयाचा.

त्या कुंभार गृहस्थांचा धाकटा मुलगा यंदा नववींत आहे. त्यांनीं आम्हांस निरोप पाठविला कीं, बहिणीच्या कामीं न आलेला तो उतारा त्यांनीं पत्र्याच्या पेटींत ठेवला आहे, मुलीची वैधता आली आहे, आणि आतां तिच्याच आधारानें मुलाचा अर्ज वेळेवर जाईल. एका लेंकराची वाट चुकली तेव्हां दुसऱ्याची सांपडली. परंतु प्रत्येक घरानें आपलें पहिलें लेंकरूं देऊनच हें शहाणपण विकत घ्यावें काय ? शेजाऱ्याच्या ठेंचेवरून शहाणें होतां येतें. वाचकहो, हा अंक वाचून झाला म्हणजे रद्दींत टाकूं नका; ज्या घरांत आठवी-नववीचें मूल आहे त्या घरीं नेऊन द्या, आणि वाचतां येत नसेल तर वाचून दाखवा.